डोळ्याच्या पडद्यातील शीर बंद झाल्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्यावा : कोकणातील रुग्ण व नातेवाइकांसाठी

डोळ्याच्या पडद्यातील शीर बंद झाली आहे, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो, की ऑपरेशन करून ती मोकळी करता येईल का. हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळा अँजिओप्लास्टीने दूर होतो हे आता गावोगावी ठाऊक असल्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु डोळ्याच्या बाबतीत त्याचे उत्तर आज तरी जवळजवळ नेहमीच नकारार्थी द्यावे लागते. बंद शीर उघडण्यासाठी ज्या शस्त्रक्रिया शोधल्या गेल्या, त्या नियमित उपचार म्हणून टिकल्या नाहीत. तरीही या आजारात शस्त्रक्रिया लागते, आणि ती वेळेवर न झाल्यामुळे काहींना डोळा गमवावा लागतो. ती शस्त्रक्रिया शीर बंद झाल्यानंतर होणारा रक्तस्राव, पडद्याला बसणारी ओढ आणि डोळ्याचा वाढलेला दाब यांच्यासाठी असते. ही गोष्ट एकदा नीट ध्यानात आली, की कुठे जायचे, किती घाई करायची आणि डॉक्टरांना काय विचारायचे, हे ठरवणे पुष्कळ सोपे होते.

पहिले काही दिवस

या आजारात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, आणि म्हणूनच तो अंगावर काढला जातो. बऱ्याच जणांना सकाळी उठल्यावर एका डोळ्याने धूसर दिसते आहे किंवा दृश्याचा वरचा अथवा खालचा भाग मळकट झाला आहे असे जाणवते. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे कामे अडत नाहीत. मग मोतीबिंदू असेल, लावणी आटोपली की बघू, गणपती विसर्जन झाले की बघू, असे म्हणत आठवडे निघून जातात. हे टाळण्यासाठी एक साधी सवय लावून घ्यावी. पन्नाशी ओलांडलेल्या आणि रक्तदाब, मधुमेह किंवा काचबिंदू असलेल्या प्रत्येकाने रोज सकाळी एकेक डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील आकडे वाचून पाहावेत. एका डोळ्याने आकडे पुसट किंवा वाकडे दिसू लागले, तर दोन दिवसांच्या आत नेत्रतज्ज्ञाकडे जावे. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून घेण्याने हा आजार कळत नाही, कारण त्यासाठी बाहुली मोठी करून पडदा पाहावा लागतो. डोळ्यात मध, कांद्याचा रस किंवा पाल्याचा रस घालू नये; त्याने पडद्याला काहीही फायदा होत नाही आणि जंतुसंसर्गाची भीती मात्र राहते.

तपासणीला जाताना सोबत कोणीतरी असावे, कारण बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास दुचाकी चालवता येत नाही. थेंब घालण्यापूर्वी डोळ्याचा दाब मोजला जाईल आणि दोन्ही बाहुल्यांवर प्रकाश टाकून त्यांची हालचाल पाहिली जाईल, याची खात्री करावी; बंद शिरेमुळे पडद्याचा रक्तपुरवठा किती तुटला आहे याचा पहिला अंदाज या दुसऱ्या, अगदी साध्या तपासणीवरून येतो आणि बाहुली मोठी झाल्यावर ती करता येत नाही. त्याच दिवशी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. कित्येकांना आपल्याला रक्तदाब आहे हे या निमित्तानेच प्रथम कळते. रुग्ण तरुण असेल, तर डॉक्टर रक्त गोठण्याच्या दोषांसाठी वेगळ्या चाचण्या सुचवतील. त्या अनावश्यक समजून टाळू नयेत.

नेमके काय बिघडलेले असते

पडद्यातील धमन्या आणि शिरा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे त्या एकाच आवरणात गुंडाळलेल्या असतात. वय, रक्तदाब, मधुमेह, चरबी आणि तंबाखू यांमुळे धमनी कडक व जाड होते, शेजारच्या मऊ शिरेला दाबते, आणि त्या अरुंद जागेत रक्ताची गुठळी धरते. अशा ओलांडणीवर अडथळा आला तर शिरेची एक शाखा बंद होते. सगळ्या शाखा मिळून बनलेली मुख्य शीर दृष्टीच्या नसेतून डोळ्याबाहेर पडते, आणि त्या चिंचोळ्या वाटेवर अडथळा आला तर संपूर्ण पडदा अडचणीत सापडतो. भातखाचरातून पाणी काढून देणारी वाट बुजली, तर वरून येणारे पाणी खाचरातच तुंबते आणि बांध पाझरू लागतो. पडद्यातही अडथळ्यामागच्या शिरा तट्ट फुगतात, त्यांतून रक्त आणि द्रव पाझरतो, आणि तो मॅक्युला म्हणजे पडद्याच्या मध्यभागी साचला की बारीक अक्षर, चेहरे आणि सुईतला दोरा दिसेनासा होतो.

पडद्याचे मोठे क्षेत्र रक्ताविना राहिले, तर त्याहून गंभीर प्रकार घडतो. उपाशी पडदा नव्या रक्तवाहिन्या वाढवणारे द्रव्य सोडू लागतो. या नव्या वाहिन्या नाजूक असतात, सहज फुटतात, आणि बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यावर वाढून डोळ्यातील द्रवाचा निचरा होण्याची जागाच बंद करतात. मग डोळ्याचा दाब भयंकर वाढतो. मुख्य शीर बंद झाल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी हा प्रकार दिसतो म्हणून जुन्या डॉक्टरांनी त्याला शंभर दिवसांचा काचबिंदू असे नाव दिले होते. प्रत्यक्षात तो त्याआधीही आणि नंतरही येऊ शकतो, आणि पहिले सात-आठ महिने सर्वांत धोक्याचे असतात. पहिल्या तपासणीत सौम्य वाटलेला आजार पुढे तीव्र होऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे. अमेरिकेत मुख्य शिरेच्या अडथळ्यावर झालेल्या मोठ्या अभ्यासात सौम्य प्रकारच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांचा आजार तीन वर्षांत तीव्र प्रकारात बदलल्याचे आढळले होते.

म्हणून पहिल्या भेटीतच चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात आणि उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत: शाखा बंद आहे की मुख्य शीर, पडद्याचा रक्तपुरवठा किती तुटला आहे, मॅक्युलाला सूज आहे का, आणि नव्या रक्तवाहिन्या दिसत आहेत का. यांतील सूज ओसीटी या तपासणीत काही मिनिटांत, सुई न टोचता कळते. रक्तपुरवठा पाहण्यासाठी हाताच्या शिरेतून पिवळा रंग देऊन पडद्याची छायाचित्रे घेतात. त्यानंतर दिवसभर त्वचा आणि लघवी पिवळी दिसते, त्याने घाबरू नये. कोणत्याही औषधाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र आधी सांगावे.

इंजेक्शन आणि लेसर यांची जागा

मॅक्युलाच्या सुजेवर आजचा पहिला उपचार म्हणजे डोळ्याच्या आत दिले जाणारे इंजेक्शन. रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट आणि बेव्हॅसिझुमॅब ही औषधे नव्या रक्तवाहिन्या वाढवणारे ते द्रव्य अडवतात, त्यामुळे पाझर कमी होतो आणि सूज उतरते. रॅनिबिझुमॅबवरील मोठ्या चाचण्या २०१० साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत एक गोष्ट ठळक दिसली, की ज्यांना सहा महिने औषध न देता नंतर सुरू केले, त्यांची दृष्टी पहिल्यापासून औषध मिळालेल्यांइतकी सुधारली नाही. उशीर भरून निघत नाही, याचा इतका स्पष्ट पुरावा फार थोड्या आजारांत मिळतो. बेव्हॅसिझुमॅब पुष्कळ स्वस्त असून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत मुख्य शिरेच्या अडथळ्यात सहा महिन्यांपर्यंत ते अफ्लिबरसेप्टपेक्षा कमी पडले नाही. खर्च झेपत नसेल तर उपचार सोडण्याऐवजी या औषधाबद्दल विचारावे. इंजेक्शने सुरुवातीला महिन्याच्या अंतराने आणि पुढे गरजेप्रमाणे घ्यावी लागतात. ही औषधे २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात, म्हणून औषध बाहेरून विकत आणायला सांगितले तर ते बर्फाच्या डब्यातूनच न्यावे. पावसाळ्यात वीज वारंवार जाणाऱ्या गावी ते घरच्या फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवणे मला सुरक्षित वाटत नाही. काही रुग्णांना स्टिरॉइडचे रोपण देतात. त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि मोतीबिंदू लवकर येतो.

लेसरचे काम वेगळे आहे. शाखा बंद झाल्यास सुजेवर लेसरचा उपयोग होतो हे १९८४ साली सिद्ध झाले, आणि मुख्य शीर बंद असताना सुजेसाठी त्याने दृष्टी सुधारत नाही हे १९९५ साली. उपाशी पडद्यामुळे नव्या रक्तवाहिन्या येऊ लागल्या, की मात्र पडद्याच्या कडेच्या भागावर लेसर देणे अत्यावश्यक ठरते. इथे कोकणातल्या रुग्णाने एक गोष्ट संकोच न करता सांगावी. दर महिन्याला तपासणीला येणे शक्य नसेल, बोटीवर आठ-आठ दिवस जावे लागत असेल, किंवा भर पावसात घाट उतरणारी एसटी बंद होत असेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. नियमित येऊ शकणाऱ्या रुग्णाला डॉक्टर लक्ष ठेवून थांबवू शकतात. जो येऊ शकणार नाही, त्याला ते लेसर आधीच देण्याचा निर्णय घेतात. हो म्हणून न येणे, यासारखे नुकसान दुसरे नाही.

शीर उघडण्याचे प्रयत्न आणि त्यांचे काय झाले

दूरच्या एखाद्या नातेवाइकाने इंटरनेटवर वाचून या शस्त्रक्रियांची नावे सांगितली, तर गोंधळ होऊ नये म्हणून त्यांची हकिगत माहीत असावी. ती वाचताना या सर्जनांच्या कौशल्याबद्दल आदरच वाटतो, कारण ज्या शिरेवर ते काम करत होते तिची रुंदी सुमारे ०.१ मिलिमीटर असते.

१९८८ साली ऑस्टरलो आणि चार्ल्स यांनी शाखेच्या अडथळ्यात धमनी आणि शीर यांचे सामाईक आवरण कापून धमनी अलगद बाजूला करण्याची शस्त्रक्रिया नोंदवली. कल्पना सरळ होती, की दाब काढला म्हणजे रक्त वाहू लागेल. काही रुग्णांची सूज उतरली. पण शीर फाटणे, दृष्टीच्या तंतूंना इजा होणे, पडदा सुटणे हे धोकेही दिसले, आणि जो फायदा झाला तो आवरण कापल्यामुळे की त्याआधी डोळ्यातील जेली काढल्यामुळे, हे वेगळे करता आले नाही. १९९५ साली ऑस्ट्रेलियातील मॅकॲलिस्टर आणि कॉन्स्टेबल यांनी लेसरने शिरेला छिद्र पाडून पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात तिला नवी वाट काढून दिली. ती प्रत्येक डोळ्यात तयार होत नाही, आणि त्या जागी नको असलेल्या वाहिन्या व व्रण वाढू शकतात. २००१ साली ऑप्रेमकॅक आणि सहकाऱ्यांनी मुख्य शीर जिथे चिमटली जाते, तिथे दृष्टीच्या नसेच्या नाकाकडील कडेला बारीक पात्याने चीर देऊन वाट सैल करण्याची शस्त्रक्रिया ११ रुग्णांवर केल्याचे प्रसिद्ध केले. पुष्कळ गाजावाजा झाला. परंतु नसेला चीर देणे म्हणजे दृष्टीच्या तंतूंवर पाते चालवणे, त्यामुळे काही रुग्णांच्या दृष्टीच्या क्षेत्रातला एक भाग कायमचा गेला, आणि इंजेक्शनांचे चांगले परिणाम समोर येताच ही शस्त्रक्रिया मागे पडली. शिरेत अतिसूक्ष्म नळी घालून गुठळी विरघळवणारे औषध सोडण्याचाही प्रयत्न झाला आहे. माणसाच्या हाताचा स्वाभाविक कंप शिरेच्या रुंदीएवढा असतो, म्हणून बेल्जियममधील ल्यूवेन येथे हे काम यंत्रमानवाच्या मदतीने करून पाहण्यात आले; ते अजून संशोधनाच्या पायरीवर आहे.

माझे मत असे, की आज कोणी कोकणातल्या रुग्णाला बंद शीर उघडून देतो असे सांगून शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर दुसऱ्या रेटिना म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय पैसे भरू नयेत.

शस्त्रक्रिया खरोखर लागते ती केव्हा

पहिला आणि सर्वांत वारंवार येणारा प्रसंग म्हणजे डोळ्याच्या पोकळीतील जेलीत रक्तस्राव होणे. जेलीसारख्या या पदार्थाला डॉक्टर व्हिट्रस म्हणतात, आणि तो काढण्याच्या शस्त्रक्रियेला व्हिट्रेक्टमी. नव्या रक्तवाहिनीतून रक्त आले की अचानक काळे धागे, जाळी किंवा लालसर धूर दिसू लागतो आणि काही तासांत डोळा अंधारतो. अशा वेळी पडदा दिसत नसल्यामुळे सोनोग्राफी करून तो जागेवर आहे ना, हे पाहतात. पडदा सुटलेला नसेल आणि दाब वाढलेला नसेल, तर रक्त आपोआप शोषले जाण्याची काही आठवडे वाट पाहणे योग्य असते. या काळात दोन-तीन उशा घेऊन डोके उंच ठेवून झोपावे, म्हणजे रक्त खाली बसते आणि वरच्या बाजूने पडदा दिसू लागून लेसर देता येतो. पडदा सुटला असेल, किंवा रंगीत पडद्यावर नव्या वाहिन्या आल्या असतील आणि रक्तामुळे लेसर देता येत नसेल, तर मात्र थांबू नये.

दुसरा प्रसंग म्हणजे नव्या वाहिन्यांबरोबर वाढलेले चिवट पापुद्रे पडद्याला ओढू लागतात. ती ओढ मॅक्युलापर्यंत पोहोचण्याआधी ते सोडवावे लागतात. इंजेक्शनांना दाद न देणाऱ्या सुजेसाठीही काही सर्जन व्हिट्रेक्टमी करून मॅक्युलावरचा अतिसूक्ष्म थर काढतात, पण तिथे फायद्याची खात्री कमी आहे आणि तो पहिला मार्ग नव्हे.

तिसरा प्रसंग काचबिंदूचा. इंजेक्शन आणि लेसर देऊनही दाब उतरत नसेल, तर द्रव बाहेर नेणारी बारीक नळी डोळ्यात बसवतात. अहमद व्हॉल्व्ह हे त्यातील परिचित साधन. मदुराईच्या ऑरोलॅबने तयार केलेली नळी त्याहून स्वस्त आहे. दृष्टी पूर्ण गेलेल्या आणि असह्य दुखणाऱ्या डोळ्यात द्रव तयार करणाऱ्या भागावर लेसर देऊन वेदना कमी करतात.

या तिन्ही प्रसंगांत सर्जनला एक प्रश्न अवश्य विचारावा: ही शस्त्रक्रिया दृष्टी परत मिळवण्यासाठी आहे, आहे ती टिकवण्यासाठी आहे, की केवळ वेदना थांबवण्यासाठी? रक्त निघून गेल्यावरही मॅक्युलाचा रक्तपुरवठा तुटलेला असेल, तर नजर मर्यादितच राहते. हे आधी ऐकलेले असले, तर पट्टी निघाल्यावर घरात निराशा पसरत नाही.

निघण्यापूर्वीची तयारी

सिंधुदुर्गातील लोक बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, कोल्हापूरला किंवा बेळगावला, रत्नागिरीतील लोक कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईला, आणि रायगडचे मुंबईला जातात, ही जुनी वहिवाट आहे. कुठेही जायचे असले तरी रेटिना विभाग कोणत्या वारी चालतो हे फोनवर विचारून निघावे, कारण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात व्हिट्रेक्टमी होत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घ्यायचे असतील, तर रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून ही विशिष्ट शस्त्रक्रिया तिथे योजनेत बसते का, पूर्वमंजुरीला किती दिवस लागतात आणि शिधापत्रिका व आधार यांवरील नावे जुळतात का, हे तारीख घेण्याआधी पाहावे.

पावसाळ्यात आंबा, करूळ, भुईबावडा हे घाट दरड कोसळून बंद पडू शकतात आणि कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाप्रमाणे हळू चालते. गणेशोत्सवात तर परतीचे तिकीट मिळणेही कठीण. घाईची शस्त्रक्रिया यासाठी पुढे ढकलू नये. पण शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने तपासणी असतेच, म्हणून पहिले आठ दिवस रुग्णालयाजवळच नातेवाइकांकडे राहण्याची सोय करावी.

रक्तदाब आणि साखर आटोक्यात असल्याशिवाय शस्त्रक्रिया करत नाहीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. व्हिट्रेक्टमीत त्या बहुधा चालू ठेवल्या जातात, आणि हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने त्या सोडणे जिवावर बेतू शकते. खोकला, दमा, किंवा सपाट झोपल्यावर धाप लागणे असेल तर भूलतज्ज्ञाला आधी सांगावे, कारण तासभर किंवा अधिक वेळ उताणे आणि स्थिर पडून राहावे लागते. डोळे येणे, पापणीवर रांजणवाडी, दाताला पू असे काही असेल तर तेही लपवू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी डोक्यावरून आंघोळ करून घ्यावी; नंतर दोन आठवडे ती करता येणार नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी

बहुतेक वेळा डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन फक्त डोळा बधिर करतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर तीन सूक्ष्म छिद्रे पाडली जातात. एकातून द्रव आत येतो, दुसऱ्यातून प्रकाश आणि तिसऱ्यातून जेली कापून ओढणारे उपकरण. डोळ्यात या वाटेने शिरण्याची पद्धत अमेरिकेत रॉबर्ट मॅकेमर यांनी १९७० च्या सुमारास रूढ केली. आता छिद्रे इतकी बारीक असतात, की पुष्कळदा टाका लागत नाही. रक्त निघाल्यावर त्याच बैठकीत आतून लेसर देतात. खोकला किंवा शिंक येईलसे वाटले तर मान न हलवता तोंडाने सांगावे. सर्जन हत्यार बाहेर घेऊन थांबतो.

बाहेर आल्यावर नातेवाइकांनी डॉक्टरांकडून एक गोष्ट लेखी घ्यावी: डोळ्यात शेवटी काय भरले आहे. साधा द्रव, हवा, वायू आणि सिलिकॉन तेल या चारांवर पुढचे सगळे नियम अवलंबून असतात. केवळ रक्तस्रावासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत बहुधा द्रवच असतो आणि पालथे झोपण्याची गरज नसते. पडदा सुटला असेल तर वायू किंवा तेल भरतात, आणि सांगितलेल्या स्थितीत डोके ठेवणे हाच मग उपचाराचा अर्धा भाग ठरतो.

वायू भरला असेल तर घाटाचा विचार

कोकणाच्या रुग्णाला हा मुद्दा विशेष जपावा लागतो. डोळ्यातील हवा साधारण आठवड्यात जिरते, एसएफ-६ वायूला दोन आठवडे लागतात आणि सी-३-एफ-८ ला सहा ते आठ. उंचीवर बाहेरचा दाब कमी झाला की हा वायू फुगतो आणि डोळ्याचा दाब वाढून दृष्टीची नस कायमची निकामी होऊ शकते. म्हणून वायू पूर्ण जिरेपर्यंत चिपी, मोपा किंवा कुठल्याही विमानतळावरून विमानप्रवास करू नये. घाटाचे प्रकरण लोक विसरतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे उंच आहे, आंबोली सुमारे ६९० मीटरवर. कोल्हापूरला शस्त्रक्रिया करून रत्नागिरीला उतरताना वायू आकसतो, त्यात तुलनेने धोका कमी. पण किनाऱ्यावर आठवडाभर राहून तपासणीसाठी तासाभरात पुन्हा घाट चढताना तो सुमारे ७ टक्के फुगतो. त्यामुळे परतण्याआधीच सर्जनला विचारावे, की वायू असेपर्यंत घाट चढावा का, आणि तोपर्यंतची दाबाची तपासणी गावाजवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे करून अहवाल पाठवला तर चालेल का. घाट चढताना डोळा दुखू लागला, नजर काळवंडली किंवा मळमळले, तर तिथेच थांबून खाली उतरावे आणि रुग्णालयाला फोन करावा. डोळ्यात वायू असल्याची सूचना देणारा पट्टा रुग्णालयाने मनगटावर बांधला असेल, तर वायू असेपर्यंत तो काढू नये, आणि दात काढण्यापासून कुठल्याही कारणाने भूल घ्यायची वेळ आली तर डोळ्यात वायू आहे हे आधी सांगावे, कारण नायट्रस ऑक्साइडने तो झपाट्याने फुगतो.

घरी परतल्यावर

डोळ्याला खुपणे, पाणी येणे आणि थोडी लाली हे काही दिवस चालते. थेंब घालण्यापूर्वी दर वेळी साबणाने हात धुवावेत, बाटलीचे टोक पापणीला लावू नये आणि दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे. स्टिरॉइडचे थेंब बरे वाटले म्हणून अधिक दिवस चालू ठेवू नयेत किंवा दुकानातून परत आणू नयेत. काही जणांचा डोळ्याचा दाब त्यांनी वाढतो.

विहिरीचे, पऱ्ह्याचे किंवा समुद्राचे पाणी महिनाभर डोळ्यात जाता कामा नये, म्हणून पोहणे, जाळे ओढणे आणि बोटीवर जाणे या काळात बंद ठेवावे. चुलीचा धूर, चिरेखाणीची धूळ आणि भाताची मळणी यांपासून दूर राहावे. नारळ सोलणे, पाण्याची कळशी उचलणे, गवताचे भारे आणि आंब्याच्या पेट्या वाहणे हे सर्जनने परवानगी दिल्यावरच सुरू करावे. माडावर किंवा कलमावर चढणाऱ्याने अधिक काळ थांबावे: एका डोळ्याची नजर कमी असेल तर अंतराचा अंदाज चुकतो, आणि तो अंदाज पुन्हा बसेपर्यंत झाडावर चढणे सोडा, रात्री दुचाकीही चालवू नये.

वेदना वाढत जाणे, दिसत होते ते कमी होणे, लाली आणि चिपडे वाढणे, डोळ्यासमोर पडदा सरकल्यासारखा दिसणे किंवा विजेसारखे चमकणे, डोकेदुखीसह उलट्या होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयाला कळवावे. दूरचे रुग्णालय गाठण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञ असेल तर त्यांच्याकडून दाब मोजून घ्यावा. तो आकडा फोनवर सांगता आला, तर सर्जन लगेच औषध सुचवू शकतो. जंतुसंसर्ग दुर्मीळ आहे, परंतु झाला तर तासांचा हिशेब असतो.

पन्नाशीपुढच्या रुग्णांत व्हिट्रेक्टमीनंतर एक-दोन वर्षांत मोतीबिंदू वाढणे अपेक्षितच आहे, ती शस्त्रक्रिया फसल्याची खूण नव्हे. सिलिकॉन तेल भरले असेल तर ते काढण्याची दुसरी शस्त्रक्रिया काही महिन्यांनी करावी लागते, आणि तेलामुळे दाब वाढू शकत असल्याने ती तारीख विसरू नये. सूज परत आली तर व्हिट्रेक्टमीनंतरही इंजेक्शने घ्यावी लागतात.

शीर बंद होण्याचे मूळ कारण शरीरात तसेच असते, आणि दुसऱ्या डोळ्यातही हा प्रकार होऊ शकतो. रक्तदाबाची गोळी बरे वाटते म्हणून सोडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्याची शिफारस केली आहे. सुकट, खारा बांगडा, लोणचे आणि पापड एकाच ताटात आले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते, म्हणून पावसाळ्यातही सुक्या मासळीचे दिवस मोजके ठेवावेत आणि ती शिजवण्यापूर्वी भिजवून पाणी टाकून द्यावे. तंबाखू, मशेरी आणि विडी पूर्ण थांबवावी. ओसीटीचे कागद, शस्त्रक्रियेचा अहवाल, दिलेल्या इंजेक्शनांची नावे व तारखा आणि दर भेटीतील दाबाचा आकडा एका फाइलमध्ये क्रमाने लावून ठेवावा, त्यांची छायाचित्रे मुंबईतल्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनवरही असू द्यावीत, आणि पुढच्या तपासणीची तारीख रुग्णालयातून निघतानाच घ्यावी.